मुलांसाठी म्हणजे नेमकं कोणासाठी?

“मुलांच्या तोंडाकडे बघ आणि परत जा.”

सल्ला केंद्रात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईनं हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं असतं. आई म्हणते, मामा म्हणतो, चौकीतला हवालदार म्हणतो. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हापासून गावच्या समितीचे अध्यक्षही म्हणू लागले. हे वाक्य लागू पडतं, यात शंका नाही. अंगावरचे वळ दाखवताना जिचा आवाज हलत नाही, ती बाई मुलांचा विषय निघाला की पदर डोळ्याला लावते. समोर बसलेली कार्यकर्ती अशा वेळी काय करते? बहुतेक वेळा पाण्याचा पेला पुढे करते आणि पोटगीच्या अर्जाकडे वळते.

मैत्रिणींनो, या लेखात मला त्या पाण्याच्या पेल्याच्या पुढे जायचंय. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं केंद्र आहे. गेली बावीस वर्षं मी तिथं बसते. केंद्राच्या नोंदवहीत बाईचं नाव, वय, लग्नाचं साल, तक्रार, सासरचा पत्ता अशा सगळ्या गोष्टींना रकाने आहेत. मुलांना एकच रकाना, आणि त्यात एक आकडा. ‘मुले : २’. ती दोन मुलं त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून बिस्किटाचा पुडा फोडत असतात. त्यांच्या कानावर आतलं बरंचसं जात असतं, कारण आपल्या केंद्रांच्या भिंती प्लायवूडच्या असतात.

आपण असं का केलं, याला कारण आहे. ऐंशीच्या दशकात हुंडाबळींच्या विरोधात चळवळ उभी राहिली तेव्हा मुळात बाईला माणूस म्हणून बघायला लावणं हीच लढाई होती. ती कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची सून म्हणून तिला न्याय द्या, असं आपल्याला म्हणायचं नव्हतं. १९८३ साली ४९८ अ कलम आलं, १९८४ साली मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, १९८९ साली पुण्या-मुंबईत कौटुंबिक न्यायालयं आली. या सगळ्या काळात ‘मुलांचं काय?’ हा प्रश्न आपल्याला बहुधा विरोधकांकडूनच ऐकू आला. घर मोडायला निघालेल्या बायका, असं म्हणणारेच तो विचारत. म्हणून आपणही त्याला विरोधकांचा प्रश्न मानत आलो. माझं म्हणणं असं, की तो आता आपण आपल्या हातात घ्यायला हवा. नाही घेतला तर तो आपल्याच बाईवर उगारला जात राहील.

घरात सतत भांडण असेल तर मुलांचं काय होतं, हे पुस्तकात वाचण्याआधी आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. चपलेच्या आवाजावरून बाप आज पिऊन आला की नाही हे ओळखणारी मुलं मी पाहिली आहेत. दारात चपला कशा निघाल्या, सावकाश की फेकून, यावरून ती ठरवतात की अभ्यासाची वही उघडायची की पांघरूण ओढायचं. नऊ वर्षांची एक मुलगी संध्याकाळ झाली की विळी आणि लाटणं पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायची. आईला हे महिनोन्‌महिने माहीत नव्हतं, तिला वाटायचं आपलाच विसराळूपणा. सोमवारी सकाळी हमखास पोट दुखणारी मुलं आहेत. डॉक्टर तपासतात, काही निघत नाही. ते दुखणं खोटं नसतं. आपण शाळेत गेलो तर मागे आईचं काय होईल, ही काळजी त्या पोटात असते. पाचवी-सहावीत पुन्हा अंथरुण ओलं करणारा मुलगा, वर्गात दुसऱ्याची मानगूट धरणारा मुलगा, आणि ‘किती शहाणी आहे हो’ असं जिचं सगळे कौतुक करतात ती मोठी बहीण, ही एकाच घराची मुलं असू शकतात.

मला जास्त काळजी या शहाण्या मुलीची वाटते. ती धाकट्यांना घेऊन शेजारच्या काकूंकडे जाते, आईच्या पाठीला तेल लावते, बापाला जेवायला वाढते, आजीला खोटं सांगते की सगळं ठीक आहे. तिच्याविषयी कुणाची तक्रार नसते, म्हणून तिच्याशी कुणी बोलत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचं लग्न ठरतं आणि ती ‘हो’ म्हणते, कारण त्या घरातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता तिला दिसत नाही. आपण बालविवाहाविरुद्ध पथनाट्यं करतो, त्यात हुंडा असतो, गरिबी असते, मुलीच्या अब्रूची भीती असते. आईबापाच्या भांडणातून सुटायला मुलगी स्वतःच बोहल्यावर चढते, हे मात्र मी अजून एकाही पथनाट्यात पाहिलेलं नाही.

“लहान आहे, त्याला काय कळतंय?” हे दुसरं लाडकं वाक्य. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना रागाच्या सुरातले आवाज ऐकवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय हालचाल होते ते यंत्रावर पाहिलं. ज्या घरांत आईबापाची भांडणं जास्त होती, त्या घरांतल्या बाळांच्या मेंदूतले ताणाशी संबंधित भाग जास्त जागे झाले. बाळ झोपलेलंच होतं. ज्या बाईला आपण सांगतो की मूल अजून तान्हं आहे, त्याच्या लक्षात राहणार नाही, तिला हेही सांगायला हवं. १९९८ साली तिकडेच झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणीच्या कोणत्या अनुभवांचा मोठेपणीच्या आजारांशी संबंध लागतो हे तपासलं, त्या यादीत आईला मार खाताना पाहणं हा एक स्वतंत्र अनुभव म्हणून धरला होता. आणि आपल्याकडचंच बघायचं तर २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारलं होतं, तुमचे वडील तुमच्या आईला मारत होते का? ज्या ‘हो’ म्हणाल्या, त्यांना स्वतःच्या नवऱ्याचा मार खावा लागण्याचं प्रमाण ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं. म्हणजे ‘मुलांसाठी’ सहन केलेला मार मुलीच्या रुखवतात जातो.

पण एक सांगते. भांडण म्हटलं की सगळं एका मापानं मोजायची घाई नको. अलीकडे समुपदेशनाच्या शिबिरांतून ‘पालकांमधील संघर्ष’ असा गुळगुळीत शब्द ऐकू येतो. ऐकताना असं वाटतं की दोघं समोरासमोर सारख्याच उंचीच्या पाटावर बसलेत आणि दोघांचाही आवाज सारखाच चढलाय. काही घरांत तसं असतंही. दोघं कमावतात, दोघं थकतात, किराण्याचं बिल कुणी भरायचं यावरून दोघं ओरडतात. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या बहुतेक घरांत एकजण मारतो आणि एकजण मार चुकवायला बघते. २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. याला संघर्ष म्हणायचं नाही. या घराला ‘एकमेकांचं ऐकून घ्या’ असा सल्ला देणं म्हणजे बाईला सांगणं, की मार खाताना आवाज कमी कर, पोरं झोपलीत. म्हणून भांडण कमी कसं करायचं हे बोलण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की घरात कुणाला कुणाची भीती वाटते? मुलांना हे बरोबर माहीत असतं. त्यांना वेगळं विचारलं तर ती दोन वाक्यांत सांगतात.

जिथं मार नाही, भीती नाही, पण कटकट रोजची आहे, अशा घरांबद्दल आधी बोलते. कारण अशी घरं आपल्यातही आहेत. चळवळीतल्या जोडप्यांची भांडणं काही कमी कडू नसतात, फक्त त्यात शब्द अवघड वापरतात.

मुलांच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी एक चांगली गोष्ट दाखवून दिली आहे. आईबाप भांडले एवढ्यानं मूल मोडत नाही. भांडण कसं होतं आणि त्याचा शेवट काय होतो, याला महत्त्व असतं. चढ्या आवाजात सुरू झालेलं भांडण मुलांच्या देखत मिटलं, किंवा नंतर कुणी येऊन सांगितलं की ‘आमचं मिटलं, गॅसच्या पैशावरून होतं, आता ठरलं’, तर मुलांचा जीव बराच खाली बसतो. उलट अबोल्याचा त्रास मुलांना भांडणाइतकाच होतो. आपल्याकडे अबोल्याला भारी मान आहे. आठ-आठ दिवस दोघं बोलत नाहीत आणि मधल्या मध्ये पोर पोस्टमन होतं. ‘बाबांना सांग जेवण वाढलंय.’ ‘तुझ्या आईला सांग मला भूक नाही.’ आपण हे गमतीनं सांगतो, सिनेमातही हसण्यावारी नेतात. त्या पोराला मात्र प्रत्येक निरोप पोचवताना समोरच्याच्या कपाळावरची आठी मोजावी लागते.

“मुलांसमोर भांडू नका” हा सल्ला द्यायला सोपा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांनी भांडायचं कुठं? मुलं झोपल्यावर म्हणाल, तर ती झोपलेली नसतात, डोळे मिटून पडलेली असतात. आमच्या एका गटात यावर बायकांनीच तोडगा काढला होता. पैशाचं आणि माहेर-सासरचं जे काही बोलायचं ते रविवारी, घराबाहेर. कुणी बांधावर जायचं, कुणी देवळामागच्या पारावर. नवरे आधी हसले. मग त्यातल्या दोघा-तिघांना पटलं, कारण बाहेर चार लोक बघतात म्हणून आवाज आपोआप खाली राहायचा, आणि चार दिवस थांबल्यावर निम्म्या गोष्टी भांडण्यासारख्या उरायच्या नाहीत. सगळ्यांना हे जमलं असं नाही. एकीचा नवरा म्हणाला, बायकोशी बोलायला पारावर जायचं, मी काय सरपंचाला भेटायला निघालोय? ते भांडण घरातच राहिलं.

भांडण कशावरून होतं हे बघितल्याशिवाय ते कमी होत नाही. आमच्या भागात सगळ्यात मोठं कारण पैसा, आणि पैशात सगळ्यात मोठी उचल. ऊसतोडीला जोडपं जातं, त्या जोडप्याला एक ‘कोयता’ म्हणतात. कष्ट दोघांचे, उचल मात्र मुकादमाकडून घेतो नवरा. किती घेतली, त्यातली किती जुन्या कर्जात गेली, किती दारूत, हे बाईला फडावर गेल्यावर कळतं. तिथून सुरू झालेलं भांडण कोपीत सहा महिने चालतं, आणि कोपीला भिंत नसते. मुलं बरोबर असली तर ती हे सगळं ऐकतात, गावी आजीकडे ठेवली तर फोनवर ऐकतात. या जोडप्याला ‘संवाद साधा’ म्हणून काय होणार? उचल घेताना बाईसमोर आकडा सांगितला गेला पाहिजे, तिचा वाटा तिच्या हातात आला पाहिजे, ही मागणी मजुरीची आहे तशीच ती मुलांच्या झोपेचीही आहे. बचत गटातल्या बायकांच्या नावावर कर्ज निघतं आणि हप्ता थकला की घरात आवाज चढतो, तेही याच जातीचं. घरखर्चाची एक वही, दोघांच्या अक्षरात, एवढ्या साध्या गोष्टीनं काही घरांतली भांडणं उतरलेली मी पाहिली. दारूचं घर असेल तर वही चालत नाही. तिथं व्यसनमुक्तीचं बोलावं लागतं, आणि दारू सुटेपर्यंत बाईच्या हातात पैसा कसा राहील याची तजवीज आधी करावी लागते.

आणि घरकाम. संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांत किती घरं पेटतात याचा कुणी हिशोब ठेवत नाही. ती कामावरून आलेली, स्वयंपाक, उद्याचा डबा, पोराचा गृहपाठ, आणि तो मोबाइलवर. त्या वेळी जे भांडण होतं त्याला लोक ‘तिचा स्वभाव तापट’ म्हणतात. त्यानं पोळ्या लाटल्या, निदान पोराचा अभ्यास घेतला, तर तिचा स्वभाव किती बदलतो हे एकदा करून बघावं.

आता ज्या गोष्टी मुलांकडून कधीच करून घेऊ नयेत त्याबद्दल. निरोप्या करू नये, हे वर आलंच. पंच करू नये. ‘तूच सांग, चूक कुणाची?’ हा प्रश्न मुलाला विचारणं म्हणजे त्याला दोन्ही हातांतला एक हात तोडून दे म्हणणं आहे. हेर करू नये. ‘बाबा कुणाशी बोलत होते?’, ‘आई आज कुठं गेली होती?’ यात बाप जितके असतात तितक्या आयाही असतात, हे आपण आपल्यात तरी मान्य करू या. आणि सखी करू नये. बाईला बोलायला कुणी नसतं, माहेर लांब, शेजारीण चुगलीखोर, मग ती सगळं आपल्या दहा वर्षांच्या मुलीला सांगते. बाईचा दोष नाही, तिच्या एकटेपणाचा आहे. यासाठीच तर गट असतो. आपल्या गटात तिला मन मोकळं करायला जागा मिळाली, तर तिच्या मुलीच्या डोक्यावरचं ओझं आपोआप उतरतं. गटाचा हा उपयोग आपण अहवालात कधी लिहीत नाही.

या यादीत गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट आली आहे, तिच्यावर आपल्यात नीट चर्चा व्हायला हवी. मुलाच्या हातातला मोबाइल. बाप मारतोय आणि मूल कोपऱ्यात उभं राहून चित्रफीत काढतंय. २०२०च्या टाळेबंदीत शाळेचे वर्ग मोबाइलवर आले, घरात फोन आला, आणि बंद दाराआडचं सगळं मुलांनी पाहिलंच नाही तर टिपलंही. आमच्याकडे एका वकिलांनी बाईला सरळ सांगितलं होतं, पुढच्या वेळी मुलाला रेकॉर्डिंग करायला सांगा, पुरावा लागतो. पुरावा लागतो हे खरं आहे. पण दहा वर्षांच्या पोराला ‘पुढच्या वेळी’ची वाट बघत बसवायचं? आईला लागत असताना त्यानं धावत जाऊन शेजाऱ्याला बोलवावं की हात न हलवता फोन धरावा? आणि तो व्हिडिओ पुढे पोलीस बघणार, वकील बघणार, मामाच्या व्हॉट्सॲपवर फिरणार, एखाद्या दिवशी त्याच्या वर्गात पोचणार. माझं मत स्पष्ट आहे. मुलानं आपणहून काढलेलं चित्रण असेल तर ते जपून ठेवा, वकिलाला द्या, दुसरीकडे पाठवू नका. पण मुलाला तसं करायला सांगू नका. सरकारी दवाखान्यातल्या तपासणीचा कागद, चौकीतली नोंद, संरक्षण अधिकाऱ्याकडे दिलेला कौटुंबिक घटना अहवाल, शेजाऱ्यांची साक्ष, हा पुरावा मोठ्यांनी गोळा करायचा असतो. मला माहीत आहे, काही मैत्रिणींना हे पटणार नाही. न्यायालयात बाईचं कुणी ऐकत नाही तिथं तिच्या हातातला एकमेव पुरावा का सोडायचा, असं त्या म्हणतील. त्यांनी लिहावं.

मारहाणीच्या घरातल्या मुलांना शिकवायच्या गोष्टी वेगळ्या. मध्ये पडायचं नाही, हे पहिलं. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की तो आईसाठी बापाचा हात धरतो आणि त्या दिवशी घरात दोन जखमी होतात. कुठल्या घरी धावत जायचं ते आधी ठरवून ठेवायचं, त्या घरालाही सांगून ठेवायचं. ११२ आणि १०९८ हे आकडे पाठ हवेत, घरचा पत्ता नीट सांगता यायला हवा. बाईनं जन्मदाखले, शाळेचे कागद, आधार, रेशनकार्डाची प्रत एका पिशवीत दुसऱ्याच्या घरी ठेवावी. आणि प्रत्येक मुलाला, वेगळं घेऊन, सांगावं की हे तुझ्यामुळे होत नाही. मोठ्यांना हे सांगायची गरज वाटत नाही. पण मी विचारलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांना खात्री होती की आपले मार्क कमी आले, आपण दूध सांडलं, आपण मुलगी झालो, म्हणून बाबा आईला मारतात. शेवटचं कारण तर त्यांनी घरात स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं.

मग प्रश्न उरतो वेगळं होण्याचा. घर मोडलं तर मुलांचं वाटोळं होतं, असं म्हणणाऱ्यांना १९९५ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास सांगावा. आईबापांची मुलं मोठी होईपर्यंत अनेक वर्षं त्यांचा मागोवा घेतला होता. ज्या घरांत भांडण टोकाचं होतं, तिथली मुलं आईबाप वेगळे झाल्यावर पुढे जास्त बरी राहिली. एकत्र राहिलेल्यांची मुलं जास्त कष्टी. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवायचं कारण नाही. जिथं फारसं भांडण नव्हतं, तिथं आईबाप वेगळे झाल्याचा मुलांना धक्का बसला होता. हे अमेरिकेचं. आपल्याकडे वेगळी झालेली बाई भावाच्या पडवीत राहते, मुलांची शाळा सुटते, पोटगी सहा महिने येत नाही. तेव्हा मुलांचे हाल होतात ते आईबाप वेगळे झाले म्हणून, की आईच्या हातात घर आणि पैसा नाही म्हणून? हा प्रश्न आपल्या अभ्यासकांनी घ्यावा. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरात राहायचा हक्क दिला, मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, मुलांच्या खर्चासाठी अर्ज करता येतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपल्या मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, असं सांगितलं. वकिलांना याची आठवण करून द्यावी लागते. पैसा वेळेवर आला तर मुलांच्या देखत होणारी निम्मी हमरीतुमरी थांबते.

ताब्याबद्दल कायदा काय म्हणतो याबाबत गावात अजून भलतेच समज आहेत. ‘मुलं बापाची’ हा त्यातला पहिला. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप हा पहिला नैसर्गिक पालक आणि त्याच्यानंतर आई असं लिहिलं आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं आणि निर्णय करताना मुलाचं हित सर्वांत वर धरावं, हेही आहे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘बापानंतर’ या शब्दाचा अर्थ बाप मेल्यावर असा नाही, तो प्रत्यक्षात जबाबदारी घेत नसेल तेव्हाही आई पालक असते, असा लावला. मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांवर आपल्या राज्यात आईचं नाव लावणं सक्तीचं झालं. नाव आलं, चांगलं झालं. शाळेचा दाखला काढायला गेलेल्या बाईला ‘वडिलांची सही आणा’ म्हणणारे मात्र अजून भेटतात.

न्यायालयाच्या निकालानंतर भांडण संपत नाही, ते भेटीच्या दिवशी चालू राहतं. महिन्यातले दोन रविवार, दहा ते पाच. मूल कुठं द्यायचं, कुठं घ्यायचं? एस.टी. स्टँडवर, हॉटेलात, कधी पोलीस चौकीत. स्टँडवर दोन्हीकडचे चार-चार नातेवाईक उभे, एकमेकांकडे न बघता, आणि मधल्या दहा पावलांवरून पोरगं पिशवी घेऊन चालत जातं. ते दहा पावलं मी पाहिली आहेत म्हणून सांगते, निकालपत्रातल्या सगळ्या कलमांपेक्षा मुलाला ती लक्षात राहतात. इथं थोडा विचार केला तर बरंच टाळता येतं. देवघेव तिऱ्हाईत जागी, एकाच माणसाच्या हातून, दोघांनी समोरासमोर न येता. पोटगीच्या पैशाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. परत आल्यावर ‘काय म्हणाले ते?’ असं विचारायचं नाही, भूक लागली का विचारायचं.

पण बाप मारणारा असेल तर? तिथं ‘मुलाला दोघंही हवेत’ हे वाक्य डोळे मिटून म्हणता येत नाही. घरगुती हिंसाचार कायद्याच्या २१ व्या कलमात स्पष्ट आहे की भेटीमुळे मुलाच्या हिताला बाधा येईल असं वाटलं तर दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. अलीकडे ‘पेरेंटल एलिएनेशन’ असा शब्द वकिलांच्या तोंडी आला आहे. आईनं मुलाचे कान भरले म्हणून ते बापाकडे जायला नाही म्हणतं, असा त्याचा अर्थ. १९८५ साली एका अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं ही कल्पना मांडली, २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात ती आली. कान भरणारे आईबाप असतात, वर मी त्याबद्दल बोललेही. पण बापाला घाबरणाऱ्या प्रत्येक मुलाला हे लेबल चिकटवलं तर मारहाणीबद्दल बोलणारी आईच गुन्हेगार ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिनिधीनं २०२३च्या अहवालात म्हणूनच न्यायालयांनी ही कल्पना वापरू नये असं सुचवलं. आपल्या वकील मैत्रिणींनी तो अहवाल हाताशी ठेवावा.

पुरुषांशी कुणी बोलायचं, हा एक जुनाच प्रश्न. मुंबईत १९९३ साली ‘मावा’सारखा पुरुषांचा गट उभा राहिला, तशी मोजकी उदाहरणं सोडली तर हे कामही आपल्याच अंगावर पडतं. माझा अनुभव असा, की बायकोला मारणं चूक आहे असं सांगितलं की पुरुष वाद घालतो. त्याच्या मुलीनं विळी कुठं लपवली होती ते सांगितलं की तो गप्प होतो. या गप्प होण्यावर फार भरवसा ठेवू नये, आठ दिवसांनी तोच हात पुन्हा उठलेला मी पाहिला आहे. पण बोलायला सुरुवात करायला ती जागा बरी. मुलीनं हे आपल्याला सांगितलं असं मात्र त्याला कळता कामा नये, नाहीतर ते तिच्यावर शेकतं.

आमच्या केंद्रात आता दोन बदल केले आहेत. नोंदवहीत प्रत्येक मुलाला स्वतंत्र ओळ : नाव, वय, शाळेत जातं का, रात्री झोपतं का, घरात सगळ्यात जास्त कुणाला घाबरतं. आणि बाईचं बोलणं चालू असताना बाकावरच्या मुलांजवळ एक कार्यकर्ती बसते. ती त्यांना काही विचारत नाही. खडू, कागद, सागरगोट्या एवढंच. मूल स्वतःहून बोललं तर ऐकते. यासाठी माणूस लागतं, आणि आमच्याकडे तिघीच आहोत, म्हणून हे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. तुमच्या केंद्रात मुलांसाठी काय करता, भेटीच्या दिवशी मूल कुठं दिलं-घेतलं जातं, आणि मोबाइलच्या चित्रणाबद्दल तुमच्या गटात काय ठरलं आहे, हे पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.